गळ्याचं बटण

गेल्या महिन्यात शाळेची तीन जुनी पोरं घरी आली होती. पोरं म्हणजे आता पोटं सुटलेली आणि चष्मे लागलेली माणसं. एकाचं जळगावात सराफीचं दुकान आहे, एक डॉक्टर आहे आणि तिसरा अविनाश, तो पुण्यात कुठल्याशा कंपनीत फार मोठा साहेब आहे. बंद पडलेला शाळेचा बँड पुन्हा उभा करायचं त्यांनी ठरवलंय. नवीन वाद्यं आणणार, लाल कोट शिवून घेणार, आणि पहिल्या दिवशी मी पाहुणा म्हणून यायचं. मला आनंद झाला. नाही कशाला म्हणू? बायकोला चहा टाकायला सांगितला. तेवढ्यात अविनाश म्हणाला, "सर, सगळं जुन्या पद्धतीनं करायचं हं. बटणाचा कार्यक्रमसुद्धा. ती आपली परंपरा होती."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. चहा तसाच गार झाला आणि तिघं 'सरांची तब्येत बरी नाही' असं एकमेकांना समजावत गेले. तब्येत उत्तम आहे. आणि तापट मी म्हातारपणी झालेलो नाही, पहिल्यापासूनच आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनीही 'बँडच्या गोड आठवणी' मागितल्या आहेत. आहेत ना गोड आठवणी, सांगतो. पण ज्या बटणाला ही मंडळी परंपरा म्हणतात, त्याची गोष्ट आधी कुणीतरी नीट सांगायला हवी. माझ्याशिवाय ती सांगणारं आता फारसं कुणी राहिलेलं नाही.

मी मूळचा धुळ्याचा. पोलीस बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचो. ती नोकरी सोडून ऐंशी सालानंतर जळगाव जिल्ह्यातल्या एका मिशनच्या शाळेत बँडमास्तर म्हणून लागलो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. शाळा फक्त मुलांची. दगडी इमारत, मागे चर्च, त्याच्या बाजूला बोर्डिंग. सकाळी प्रार्थना, मग राष्ट्रगीत, मग ओळीनं वर्गात. आवारात इंग्रजीच बोलायचं, असा फलक होता आणि त्या फलकाखालीच पोरं अहिराणीत भांडायची. ख्रिश्चन मुलं मोजकीच. बाकी रेल्वेवाल्यांची, व्यापाऱ्यांची, शेतकऱ्यांची, पिंजाऱ्यांची, आणि बोर्डिंगात पश्चिमेकडच्या पाड्यांवरून आलेली आदिवासी मुलं. हिंदू-मुसलमान सगळी पोरं नाताळात गव्हाणीसाठी गवत आणायला एकमेकांच्या पुढे पळायची. ते सगळं खरंच गोड होतं.

आता बँड म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगतो, कारण लोकांना वाटतं फुंकलं की वाजतं. पितळी वाद्य फुंकून वाजत नाही. ओठ घट्ट मिटून त्यांच्यामधून श्वास ढकलायचा, ओठ थरथरले पाहिजेत, तेव्हा आवाज निघतो. नव्या पोराचे ओठ पहिल्या महिन्यात फुटतात, गाल दुखतात आणि आवाज मात्र म्हशीचा येतो. उपाशीपोटी तर फुंकताच येत नाही, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून माझा नियम होता, न खाता आलेल्याला मी वाद्याला हात लावू देत नसे. आणि आपल्या खानदेशातलं ऊन. मार्चनंतर ट्रम्पेटचा माउथपीस ओठाला लावला तर चटका बसतो. माझी पोरं माउथपीस काढून मुठीत किंवा खिशात ठेवायची आणि वाजवायच्या वेळी पटकन बसवायची. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, ते आमचं आम्ही शोधलं होतं.

पालकांचे नमुने तर विचारू नका. एक अडत्या माझ्यावर चालून आला, की आमच्या घराण्यात कुणी वाजंत्री झालेलं नाही, माझ्या पोराच्या हातातलं ते पितळ काढून घ्या. पुढच्या पंधरा ऑगस्टला त्याच पोराला लाल कोटात पाहिलं आणि गडी विरघळला. काही दिवसांनी पुन्हा दारात हजर. मोठ्या मुलाचं अमळनेरला लग्न होतं, वरातीला शाळेचा बँड हवा होता. मी म्हटलं, आमच्या घराण्यात वरातीत वाजवत नाहीत. तो पुढे माझ्याशी कधी बोलला नाही.

तर तो लाल कोट. मी लागायच्या बऱ्याच आधी शाळेत एक परदेशी फादर होते, त्यांनी बँड सुरू केला. त्यांच्या मुलखातून कुणीतरी जाड लोकरीचे कोट पाठवले होते. गळ्याशी उभी पट्टी आणि तिला एक मोठं पितळी बटण. ज्या मुलखात बर्फ पडतो तिथला कोट खानदेशात घालायचा, हा पहिला शहाणपणा. पण ते फादर शहाणे होते म्हणे. कवायत सकाळच्या गारव्यात आटोपायचे, आणि संपली की स्वतः ओळीतून फिरून प्रत्येक पोराचं गळ्याचं बटण आपल्या हातानं उघडायचे, शाबास म्हणायचे. ते गेले. त्यांचा शहाणपणा त्यांच्याबरोबर गेला आणि मागे बटण राहिलं.

त्याचा मग सोहळा झाला. ज्या संताच्या नावानं शाळा होती, त्याचा सण ऑगस्टात असायचा. त्या दिवशी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेनंतर, सगळ्या शाळेसमोर दहावीची बँडवाली पोरं नव्या पोरांच्या गळ्याचं बटण लावायची. एकदा बटण लागलं की वाजवून संपेपर्यंत आणि प्रिन्सिपॉल फादरनं हात खाली करून खूण करेपर्यंत ते उघडायचं नाही. जो उघडेल त्याचा कोट सगळ्यांसमोर उतरवून घ्यायचा आणि तो बँडमधून कायमचा बाहेर. असा कोट उतरवलेला एक मुलगा मी पाहिला होता. नंतर त्यानं शाळाच बदलली. त्यामुळे पोरं घामानं निथळली तरी गळ्याला हात लावायची नाहीत, आणि लोक म्हणायचे, वा, काय शिस्त!

जयवंत बागूल माझ्याकडे सातवीत आला. साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, बोर्डिंगमधला. अंगानं काटकुळा, बोलायला बुजरा. पण त्याच्या हातात मी साइड ड्रमच्या काठ्या दिल्या आणि दोन आठवड्यांत त्यानं रोल काढून दाखवला. रोल म्हणजे दोन्ही काठ्यांचे ठोके इतके जवळ आणायचे की ठोका वेगळा ऐकूच येऊ नये, तांदूळ ओतल्यासारखा सलग आवाज आला पाहिजे. पोलीस बँडमधल्या जाणत्यांना त्याला वर्ष लागतं. नववीत आल्यावर त्याला मी सांगून ठेवलं होतं, दहावी हो, मग तुला धुळ्याला माझ्या जुन्या बँडमध्ये चाचणीला घेऊन जातो. तिथल्या मास्तरांशी माझं बोलणंही झालं होतं. सरकारी नोकरी, अंगावर वर्दी. त्याच्या पाड्यावरून नववीपर्यंत आलेला तो पहिलाच. त्या पोराची सगळी भिस्त त्याच्या दोन मनगटांवर होती.

त्या वर्षी मार्चअखेर एक मंत्री गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन करायला येणार होते. आमच्या प्रिन्सिपॉल फादरना शाळेला जोडून ज्युनियर कॉलेज हवं होतं आणि त्याच्या मान्यतेचं घोडं मुंबईत अडलं होतं. मंत्र्यांच्या स्वागताला शाळेचा बँड द्यायचं त्यांनी परस्पर कबूल केलं. दहावीची पोरं परीक्षेत होती, म्हणून नववीची उभी केली. पुढे काठी घेऊन ड्रम मेजर अविनाश, मागे दुसऱ्या रांगेत जयवंत.

निघण्याआधी बोर्डिंगमध्ये जाऊन मी स्वतः पोरांचं खाणं पाहिलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. जयवंतनं माझ्यासमोर दोन खाल्ल्या आणि तिसरीसाठी हात पुढे केल्यावर मीच त्याला चिडवलं होतं, की पोट ड्रमएवढं झालं तर पट्टा कुठं बांधशील? हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळची वेळ दिली होती. मैदानावर मांडव होता, तो पुढाऱ्यांना. आमची पोरं उघड्यावर. ऊन चढायला लागलं तरी गाडीचा पत्ता नाही. दर थोड्या वेळानं एक कार्यकर्ता यायचा आणि सांगायचा, गाडी जामनेरहून निघाली. माझ्या मते ती गाडी त्या दिवशी जामनेरहून दहा वेळा निघाली. मी पोरांना कडेच्या लिंबाखाली नेलं, तर तोच कार्यकर्ता ओरडत आला, की साहेब पोचताहेत, पोरं जागेवर पाहिजेत. पुन्हा उन्हात. मी मांडवात जाऊन प्रिन्सिपॉलना म्हटलं, फादर, निदान गळ्याची बटणं उघडू द्या, गाडी दिसली की लावतील. ते म्हणाले, आपली परंपरा आहे, लोक पाहताहेत. मी पोरांना पाणी पाजलं. दुपार झाली. पुन्हा मांडवात गेलो. या वेळी फादरनी माझ्याकडे न बघता फक्त हात वर केला, म्हणजे थांबा. हातात त्यांच्या सरबताचा पेला होता. तो पेला अजून मला दिसतो.

परत आलो तेव्हा जयवंतचा चेहरा कोरडा पडला होता. बाकीची पोरं घामानं भिजलेली आणि हा कोरडा. घाम थांबणं वाईट, एवढं मला पोलिसातल्या कवायतीमुळे माहीत होतं. मी विचारलं, चक्कर येतेय का रे? तो हळूच म्हणाला, "नही सर. काड्या दोन-दोन दिखी राह्यन्यात." काठ्या दोनाच्या चार दिसत होत्या त्याला. मी त्याच्या गळ्याकडे हात नेला, तर ते पोर मागे सरकलं. म्हणालं, सर, नको, कोट काढून घेतील. आणि तो तसाच ड्रमवर पालथा पडला.

ते बटण निघेना. लोकर घामानं आवळली होती. मी ओढलं तेव्हा ते तुटून हातात आलं. त्याचं अंग तव्यासारखं भाजत होतं. मी ओरडलो, सगळ्यांनी बटणं उघडा, सावलीत जा. आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकाही पोरानं गळ्याला हात लावला नाही. अविनाशनं मान वळवून मांडवाकडे पाहिलं, मग सगळ्यांनी पाहिलं. फादर उभे राहिले होते. त्यांचा हात वरच होता. लांबून गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

मी जयवंतला उचलून बाहेर पळालो. एका दूधवाल्यानं टेम्पोत घेतलं, कॅन खाली टाकून जागा केली त्या भल्या माणसानं, आणि वाटेत सोडावॉटरवाल्याकडून बर्फ घेतला. मागून वाजायला लागलेलं मी ऐकलं. माझ्या पोरांनी स्वागताची धून वाजवली. साइड ड्रम नव्हता, तरी वाजवली. मंत्री दोन मिनिटं हात जोडून उभे राहिले म्हणे.

अविनाशला मी दोष देत नाही. पंधरा वर्षांचं पोर ते. ज्यांनी त्याला मास्तरापेक्षा आणि शेजारी पडलेल्या पोरापेक्षा त्या हाताकडे बघायला शिकवलं, त्यांना देतो.

जयवंत काही दिवस दवाखान्यात बेशुद्धच होता. जगला. पण बसता यायला लागलं तेव्हा दिसलं, की पाण्याचा पेला धरला तर निम्मं पाणी सांडतंय. डॉक्टरांनी सांगितलं, उष्णता मेंदूत गेली, चालणं सुधारेल, हाताचा कंप राहील. मी त्यांना विचारलं, किती राहील? त्यांनी मला विचारलं, मुलगा काय करतो? मी सांगितलं, ड्रम वाजवतो.

आणि शाळेत काय ठरलं? तो ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांच्या उपवासाचा काळ होता. शुक्रवारी बोर्डिंगमधली काही ख्रिस्ती पोरं सकाळचं खाणं सोडायची. स्टाफरूममध्ये प्रिन्सिपॉलनी सांगितलं, मुलानं भावनेच्या भरात उपवास केला होता, अशक्तपणानं पडला. जयवंत ख्रिस्तीही नव्हता. मी तिथंच म्हटलं, माझ्यासमोर जेवलाय तो. मास्तर लोक चहाच्या कपात बघत बसले. एकानं मला बाहेर घेऊन समजावलं, की सोनवणे, कॉलेज आलं तर दोनशे पोरांचं भलं होईल, तुम्ही एकाला धरून बसू नका. हे गणित ज्यांना जमतं ते मोठे होतात. मला तेव्हाही जमलं नाही.

जयवंतचे वडील एसटीनं आले. धोतर, डोक्याला फडकं, हातात पिशवी. प्रिन्सिपॉलच्या खोलीत खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. फादर केरळकडचे, त्यांना हिंदी यायचं पण अहिराणी अजिबात नाही, म्हणून दुभाष्या मी. फादरनी उपवासाचं सांगितलं. मी ते त्यांना सांगितलं, आणि पुढे माझ्याकडून जोडलं, की हे खोटं आहे, तो दोन भाकरी खाऊन गेला होता. मग काय झालं ते सगळं सांगितलं, कोट, ऊन, बटण. ते म्हणाले, "मना पोऱ्याले भूकच निघत नही, तो काय उपास धरस?" मग फादरकडे वळून म्हणाले, "इतला लोके व्हतात ना तठे? मंग एक बटन उघाडाले कोनीच नव्हतं का?"

फादरनी मला विचारलं, क्या बोल रहे हैं? मी शब्दाला शब्द हिंदी केलं. इतके लोग थे, एक बटन खोलने के लिए कोई नहीं था क्या?

फादर टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसले. मग म्हणाले, उनसे कहिए, हम प्रार्थना करेंगे. मी म्हटलं, हे तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही. आणि बाहेर आलो. जयवंतला त्याच्या वडिलांनी संध्याकाळच्या गाडीनं नेलं. त्याची ट्रंक मी बसवर चढवली. तो पुन्हा शाळेत आला नाही. ज्युनियर कॉलेजला त्याच वर्षी मान्यता मिळाली. सुंदर पाटी लागली.

ऑगस्टात सण आला. मला वाटलं होतं, या वर्षी तरी हे बटण प्रकरण गुंडाळून ठेवतील. कसलं काय. उलट कॉलेजच्या आनंदात बाहेरचे मोठे फादर बोलावले होते, मांडव घातला होता. आदल्या दिवशी कोट इस्त्रीला माझ्याकडे आले. मी दाढीचं पातं घेतलं आणि एकेक बटण कापून काढलं. काजंही शिवून टाकली. शिवण चांगली घातली, पोलिसात शिकलो होतो.

मिस्सा झाला. दहावीतला अविनाश पहिल्या नव्या मुलापुढे उभा राहिला आणि त्यानं गळ्याशी हात नेला. बोटं कापडावर चाचपडत राहिली. त्यानं दुसऱ्या मुलाकडे पाहिलं, तिथंही नाही. पोरांत खसखस पिकली. प्रिन्सिपॉल माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, बटन कहाँ हैं? मी सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं सांगितलं, "फादर, उघडायला कुणी नव्हतं. म्हणून आता लावायलाही ठेवलं नाही." आणि बँडला हुकूम दिला. त्या दिवशी पोरं उघड्या गळ्यानं वाजवत होती आणि सूर कुठंही बिघडला नाही. तेवढा अभिमान मला आहे, तो मी लपवत नाही.

त्यानंतर बँड माझ्याकडून काढून घेतला. मैदानावर शिट्टी वाजवायला ठेवलं, निवृत्त होईपर्यंत. नवा मास्तर टिकला नाही, वाद्यं खोलीत पडून हिरवी पडली, बँड बंद झाला. माझ्या हट्टापायी बंद पडला असं काही जण म्हणतात. म्हणोत बापडे.

आता कळतं की जुन्या पोरांच्या मेळाव्यात ही बटणाची गोष्ट विनोद म्हणून सांगतात. 'सोनवणे सरांनी एकदा बटणंच कापली होती!' आणि टाळ्या. का कापली ते कुणी सांगत नाही. अविनाशला तर आठवतच नाही, किंवा आठवायचं नाही. त्या दिवशी माझ्या घरी मी जयवंतचं नाव घेतलं तेव्हा तो म्हणाला, "कोण, तो बोर्डिंगवाला? तो उपवासानं पडला होता ना, सर?"

तीस वर्षं झाली, तरी ते खोटं अजून ठणठणीत आहे. ते पोर मात्र साक्रीकडे पाड्यावर असतं. मी अधूनमधून जातो. थोडी शेती आहे, बायको खमकी आहे. मी गेलो की तो चहा आणतो, आणि कप अर्धाच भरलेला असतो. तसाच भरावा लागतो त्याला. ड्रमचा विषय आम्ही काढत नाही.

म्हणून अविनाश, हा अंक तुझ्याकडे येईलच, तर जाहीर निरोप देतो. काढा बँड. शिवा लाल कोट. बटणाचा सोहळाही करा, मी येतो. एकच अट आहे. सोहळा मार्चअखेर दुपारी उघड्या मैदानावर करायचा, आणि सगळी बटणं जयवंतच्या हातानं लावून घ्यायची. त्याचा हात थरथरतो, एकेका बटणाला फार वेळ लागेल. तोवर तुम्ही सगळे कोट घालून ओळीत उभे राहा. हात कुणीही खाली करायचा नाही.